अंबरनाथचे शिवालय : तीन दृष्टी आणि एक वास्तू

कल्याणहून कर्जतकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील पहिले स्थानक विठ्ठलवाडी, दुसरे उल्हासनगर व तिसरे अंबरनाथ. विठ्ठलवाडीच्या बाजूने वाहणारी वालधुनी नदी कल्याणजवळ उल्हास नदीला मिळते. ही नदी उलट दिशेने वर चढत गेल्यास अंबरनाथच्या प्राचीन शिवालयाच्या पायथ्याशी पोहोचते. जुन्या ठाणे जिल्हा गॅझेटियरमध्ये या नदीचे नाव वढवाण असे आढळते, आणि देवालय गावाच्या पूर्वेस, नदीकाठच्या एका खोलगट जागी असल्याचे त्यात नोंदले आहे. ज्या काळात कल्याण हे उल्हास खाडीवरील नांदते बंदर होते व स्थानक म्हणजे आजचे ठाणे हे उत्तर कोकणच्या शिलाहारांचे प्रमुख नगर होते, त्याच काळातील ही वास्तू होय. दररोज सहस्रावधी प्रवासी तिच्यापासून हाकेच्या अंतरावरून जातात, आणि तिच्याविषयी काही ना काही ठाऊक नाही असा मनुष्य या परिसरात विरळाच. तथापि जे ठाऊक आहे ते बहुतांशी वास्तूविषयी नसून वास्तूवर चढविलेल्या अर्थांविषयी आहे. या अर्थांची छाननी करून मूळ रचनेकडे वळणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू होय.

१

अंबरनाथच्या देवालयाकडे आजवर मुख्यतः तीन दृष्टींनी पाहिले गेले आहे. पहिली लोकपरंपरेची. वनवासातील पांडवांनी एका रात्रीत, एकाच पाषाणातून हे देऊळ उभारले. उजाडल्यामुळे काम अर्धवट राहिले, म्हणून गाभाऱ्यावर छप्पर नाही, अशी ही कथा. दुसरी दृष्टी ‘हेमाडपंती’ या शब्दात साठविलेली आहे. चुन्याशिवाय घडीव दगडांनी रचलेले जुने देऊळ दिसले की त्यास हेमाडपंती म्हणावयाचे, ही महाराष्ट्रातील सार्वत्रिक रूढी अंबरनाथलाही लागू केली जाते. तिसरी दृष्टी एकोणिसाव्या शतकातील अभ्यासकांची. १८६८ मध्ये मुंबई सरकारच्या आश्रयाने मुंबईच्या कलाशाळेकडून या देवालयाची आरेखने, छायाचित्रे आणि कोरीव भागांचे साचे तयार करण्यात आले. त्या उपक्रमाने हे देवालय विद्वज्जगतापुढे आले, परंतु ते प्रामुख्याने अलंकरणाचा एक संग्रह म्हणून आले.

या तिन्ही दृष्टींना सरसकट अशास्त्रीय ठरवून बाजूस सारणे सोपे आहे. परंतु ते न्याय्य होणार नाही. बारकाईने पाहिल्यास प्रत्येकीत एक निरीक्षण अचूक आहे; चुकते ते त्या निरीक्षणाचे स्पष्टीकरण. लोककथेने दोन गोष्टी नेमक्या टिपल्या आहेत. दगडांचे सांधे इतके घट्ट आहेत की दुरून सारी वास्तू अखंड पाषाणाची वाटते, ही एक. आणि शिखराचा माथा नाही, ही दुसरी. पांडवांचे नाव हे या दोन आश्चर्यांचे उत्तर नसून, आश्चर्य व्यक्त करण्याची ती परंपरागत रीत आहे.

‘हेमाडपंती’ या संज्ञेचेही तसेच. चुन्याचा वापर न करता केवळ घडण, वजन व सांधेजोड यांवर वास्तू उभी करावयाची हे तंत्र त्या संज्ञेने हेरले आहे. परंतु हेमाद्री हा महादेव व रामचंद्र या देवगिरीच्या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. अंबरनाथचे देवालय त्याच्या दोनशे वर्षे आधीचे. ज्या तंत्राला हेमाद्रीचे नाव मिळाले ते त्याच्या जन्मापूर्वीच पूर्णत्वास पोहोचले होते, याचा सर्वांत निःसंदिग्ध पुरावा अंबरनाथच आहे. तेव्हा ही संज्ञा येथे वापरणे म्हणजे पुराव्यालाच त्याच्या विरुद्ध साक्ष द्यावयास लावणे होय.

तिसऱ्या दृष्टीचा दोष अधिक सूक्ष्म आहे, कारण तिची साधने शास्त्रीय होती. साचा हा पृष्ठभागाचाच घेता येतो. भिंतीची जाडी, तुळईचे ओझे, थरांचा कल या गोष्टी साच्यात उतरत नाहीत. जे साच्यात उतरले तेच महत्त्वाचे ठरले, आणि पुढील लेखनात देवालयाचे वर्णन म्हणजे मूर्ती, पट्ट व नक्षी यांची यादी असा प्रघात पडला. हेन्री कझिन्सने १९३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दख्खनच्या मध्ययुगीन देवालयांवरील ग्रंथात या वास्तूला मानाचे स्थान दिले, तरी सर्वसामान्य वर्णनांतून अलंकरणाचाच जयघोष चालू राहिला. स्थपतीने कोणता प्रश्न सोडविला, हा प्रश्न मागेच पडला.

२

स्थपतीचा प्रश्न समजण्यासाठी प्रथम काळ निश्चित हवा. उत्तर द्वारावरील तुळईच्या आतील अंगास असलेला शिलालेख हे त्याचे मुख्य साधन. डॉ. भाऊ दाजी यांनी त्यातील शक ७८२ असा वाचला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२ असल्याचे दाखविले. एका अंकाच्या वाचनाने वास्तू इ. स. ८६० वरून १०६० वर आली. ही दुरुस्ती केवळ कालगणनेपुरती नाही. ८६० हे वर्ष मान्य केले असते तर या शैलीचा सारा विकासक्रम उलटा मांडावा लागला असता. लेख शिलाहार नृपती मुम्मुणी किंवा माम्वाणी याच्या काळचा असून त्यात त्याचा ज्येष्ठ बंधू छित्तराज याचा उल्लेख येतो. छित्तराज, नागार्जुन आणि मुम्मुणी हे तिघे भाऊ एकामागून एक गादीवर आले. त्यामुळे छित्तराजाच्या काळी आरंभ व मुम्मुणीच्या काळी पूर्णता, असा क्रम अभ्यासक सामान्यतः मानतात. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी शिलाहारांच्या कोरीव लेखांचे जे संकलन केले त्यामुळे या वंशाचा कालक्रम आज भक्कम पायावर उभा आहे.

१०६० या वर्षाला दुसरेही एक महत्त्व आहे. माळव्यातील उदयपूर येथील उदयेश्वर देवालयाच्या बांधकामाचा आरंभ विक्रम संवत १११६ म्हणजे इ. स. १०५९ मध्ये झाला व संवत ११३७ म्हणजे १०८० मध्ये त्यावर ध्वज चढला, अशी नोंद मिळते. अंबरनाथ व उदयपूर ही दोन्ही देवालये भूमिज शैलीची. याचा अर्थ, माळव्यात या शैलीचा कळस मानल्या गेलेल्या वास्तूचा पाया घातला जात असताना कोकणात त्याच शैलीची वास्तू शिलालेख कोरण्याइतकी सिद्ध झाली होती. परमार भोज राजाने कोकण जिंकल्याच्या निमित्ताने दिलेली दानपत्रे इ. स. १०२० मधील आहेत, आणि भूमिज प्रासादांचे स्वतंत्र विवेचन ज्या ‘समरांगणसूत्रधार’ ग्रंथात येते तोही भोजाच्याच नावावर आहे. माळवा व कोकण यांच्यातील हा संपर्क युद्धातून आला तरी त्याबरोबर कारागिरीचे ज्ञानही फिरले असावे, हे अनुमान स्वाभाविक आहे. तथापि अंबरनाथला माळव्याची नक्कल म्हणता येत नाही. कालक्रमच ते म्हणू देत नाही. शिवाय उदयपूरचा दगड तांबडा वालुकाश्म आहे, अंबरनाथचा काळा बसाल्ट. खरा प्रश्न येथून सुरू होतो.

३

बसाल्ट हा सह्याद्रीचा दगड. त्याच्या एका घनफुटाचे वजन सुमारे ऐंशी किलोग्रॅम भरते. दाब सहन करण्याची त्याची शक्ती मोठी. परंतु कोणत्याही दगडाप्रमाणे ताण सहन करण्याची शक्ती त्या मानाने दशांश किंवा त्याहूनही कमी. तुळई आडवी ठेवली की तिच्या वरच्या अंगावर दाब व खालच्या अंगावर ताण पडतो. तुळई मोडते ती खालून. त्यातही, जाडी तीच ठेवून लांबी दुप्पट केली तर केवळ स्वतःच्या वजनाने येणारा ताण चौपट होतो. शिवाय हा दगड खाणीतच नैसर्गिक सांध्यांनी तुटलेला असतो. लांब, निर्दोष शिळा मिळणे दुर्घट.

मंडपाची रचना या मर्यादांचे उत्तर म्हणून वाचली पाहिजे. मंडप आतून चौरस असून त्याची बाजू सुमारे २३ फूट आहे. एवढ्या अंतरावर एकसंध तुळई टाकण्याचा विचारही शक्य नव्हता. म्हणून मध्यभागी चार स्तंभ उभे करून प्रत्येक दिशेने तीन खण पाडले. खण समान धरल्यास प्रत्येकाचे अंतर आठ फुटांच्या आत येते. दीड फूट रुंद, दीड फूट जाड व आठ फूट लांब अशी तुळई कल्पिली तर तिचे वजन दीड टनाच्या घरात जाते. ते माणसांच्या बळावर, उतार व तरफ वापरून चढविता येते. ज्या चार स्तंभांची नक्षी पाहून प्रेक्षक थक्क होतो, ते स्तंभ प्रथम या हिशेबातून जन्मले आहेत. नक्षीने त्यांना सुंदर केले, परंतु त्यांची जागा नक्षीने ठरविलेली नाही.

मधल्या खणावरील छताचेही तेच. चार तुळयांच्या चौकटीवर कोपऱ्यांत आडवे दगड टाकून चौकोनाचा अष्टकोन करावयाचा, त्यावर एकेक थर थोडा थोडा पुढे काढत वर्तुळे लहान करीत न्यावयाची, आणि शेवटचे छिद्र एका शिळेने मिटवावयाचे. भारतीय स्थापत्यात कदलिकाकरण म्हणून ओळखली जाणारी ही पद्धत होय. तिच्यात कमानीचा बाजूस रेटणारा जोर जवळजवळ नसतो. प्रत्येक थरातील दगडाचा मागील भाग वरच्या वजनाखाली दाबलेला राहतो आणि पुढे आलेला भाग त्यामुळे कलंडत नाही. शिवाय वर्तुळातील दगड एकमेकांस भिडून आत घसरण्यास प्रतिबंध करतात. म्हणजे जे वजन वास्तूला पाडू शकते तेच तिला धरूनही ठेवते. चुन्याचा अभाव हे वैशिष्ट्य म्हणून सांगितले जाते, परंतु खरे वैशिष्ट्य वजनाची ही योजना आहे; चुना येथे अनावश्यक ठरला, इतकेच.

४

मंडपाला पश्चिम, उत्तर व दक्षिण अशा तीन बाजूंनी मुखमंडप आहेत. चौथ्या, म्हणजे पूर्वेच्या बाजूस अंतराळ व गाभारा. गाभारा आतून सुमारे साडेतेरा फूट चौरस असून मंडपातून त्यात पायऱ्या उतरून जावे लागते. मुखमंडपात चढावयाचे व गाभाऱ्यात उतरावयाचे, ही रचना भाविकाला गूढ वाटते व तशी ती वाटावी अशीच आहे. औंढा नागनाथ येथेही गाभारा खाली आहे. परंतु तंत्राच्या दृष्टीने तिच्यात एक अडचण दडलेली आहे. लिंगाची पातळी श्रद्धेने निश्चित केली होती. ती बदलण्याचा अधिकार स्थपतीला नव्हता. उलट, नदीकाठच्या खोलगट जागी, वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या प्रदेशात, देवालयाचे जोते उंच असणे अपरिहार्य होते. या दोन मागण्या परस्परविरोधी आहेत. एकाच वास्तूत दोन पातळ्या ठेवून, अंतराळाला पायऱ्यांच्या दुव्याचे काम देऊन, स्थपतीने दोन्ही मागण्या पूर्ण केल्या, असे म्हणणे युक्त ठरते.

या निर्णयाचा परिणाम भिंतींवर होतो. गाभाऱ्याची भिंत आतून अधिक खोलीपासून उठते आणि तिच्यावर सर्वांत मोठा भार, म्हणजे शिखर, यावयाचा असतो. बाहेरून पाहता ही भिंत सरळ नाही. ती पायरीपायरीने पुढे येते व मागे जाते. मध्यभागी सर्वांत पुढे, कोपऱ्यांकडे क्रमाने मागे. या निर्गमांमुळे ऊनसावलीची उभी रेघाटणी तयार होते, हे सर्वांनी नोंदले आहे. परंतु प्रत्येक निर्गम हा भिंतीला दिलेला टेकूही आहे. जाडी वाढवावयाची तर ती सरसकट न वाढविता जेथे भार अधिक तेथे वाढवावयाची, असा हा काटकसरीचा विचार होय. जोत्याच्या थरांत ग्रासपट्टी व गजथर येतात. वजन पेलणाऱ्या जागी हत्ती कोरणाऱ्या शिल्पीला त्या थराचे कार्य पुरते ठाऊक होते.

५

सर्वांत मोठा वाद शिखराचा. भूमिज शिखराचे लक्षण असे : चारही दिशांच्या मध्यभागी पायापासून माथ्यापर्यंत चढणाऱ्या चार लता, आणि दोन लतांमधील प्रत्येक चतुर्थांशात एकावर एक भूमी रचीत गेलेल्या लहान लहान स्तंभयुक्त शिखरिकांच्या ओळी. ओळी खालून वर लहान होत जातात. दुरून हे शिखर म्हणजे अनेक लहान शिखरांची उतरंड दिसते. अंबरनाथला लता व शिखरिका दोन्ही स्पष्ट ओळखू येतात. नाही तो माथा. गाभाऱ्यात उभे राहून वर पाहिल्यास आकाश दिसते.

लोककथा म्हणते, काम अपुरे राहिले. शिलालेखाचा कल याच्या उलट आहे. राजाने नोंद कोरून ठेवावी इतपत वास्तू सिद्ध झाली होती. शिखराचा जो भाग उभा आहे त्यावरील कोरीवकाम पूर्णत्वास गेलेले दिसते, हेही लक्षात घेतले पाहिजे. काम थांबले असते तर वरच्या थरांत ठोकळे घडून ठेवलेले व नक्षी न उमटलेले दगड अपेक्षित होते. तेव्हा माथा बांधलाच गेला नाही यापेक्षा तो बांधला गेला व ढासळला, हे मत अधिक ग्राह्य ठरते.

ढासळण्याचे कारणही रचनेतच शोधावे लागते. शिखर आतून पोकळ असून त्याचे थर क्रमाने आत झुकत नेलेले असतात. अशा रचनेत माथ्यावरील आमलक हा केवळ शोभेचा मुकुट नसतो. तो अवजड गोलाकार दगड सर्वांत वरच्या, म्हणजे सर्वांत कमी दाबाखाली असलेल्या थरांना जागच्या जागी दाबून धरतो आणि पावसाचे मुख्य द्वार बंद करतो. सिन्नरच्या गोंदेश्वराचे शिखर माथ्यापर्यंत टिकले आहे. तेथे ही योजना पूर्ण रूपात पाहावयास मिळते. एकदा आमलक निखळला की वरचे थर सैल होतात, सांध्यांत माती शिरते, मातीत बीज रुजते, आणि पिंपळाचे मूळ तेच काम करते जे खाणीत पाचर करते. चुन्याविना बांधणीचे सामर्थ्य वजनात असते; वजन गेले की तीच बांधणी दुबळी होते. अंबरनाथचे शिखर या तंत्राच्या गुणाचा व मर्यादेचा एकाच वेळी पुरावा देते.

येथेच माळवा व कोकण यांच्यातील भेदाचे मर्म सापडते. भूमिज शिखर हे असंख्य उभ्या खाचाकोपऱ्यांचे बनलेले असते. कोरड्या माळव्यात त्या खाचा सावलीसाठी असतात. कोकणात त्या पावसाच्या वाटा होतात. शिखरिकांच्या प्रत्येक भूमीवरील पुढे आलेल्या कडा पाणी भिंतीपासून दूर टाकतात, हे खरे. परंतु आडव्या प्रत्येक कडेवर थोडे पाणी रेंगाळतेही. कोकणच्या पावसात हे शिखर उभारणे हे धाडस होते, आणि त्या धाडसाची किंमत माथ्याने मोजली. हा दोष स्थपतीच्या अज्ञानाचा नाही. नऊशे साठांहून अधिक पावसाळे भिंती, मंडप आणि शिखराचा मोठा भाग ज्याने टिकविला, त्याला पावसाची जाण नव्हती असे कोण म्हणेल? दोष असेलच तर तो देखभालीची परंपरा मध्येच तुटण्याचा आहे.

६

ही चर्चा केवळ विद्वत्तेच्या हौसेची नाही. वास्तू कोणत्या दृष्टीने वाचली जाते यावर ती कशी जपली जाते हे अवलंबून असते. तिला पांडवांची करणी मानले की ती आपोआप टिकेल असा विश्वास निर्माण होतो. हेमाडपंती म्हटले की ती शेकडो देवळांपैकी एक ठरते व तिचे वेगळेपण नाहीसे होते. नक्षीचा संग्रह मानले की सारा भर पृष्ठभाग धुण्यापुसण्यावर आणि भोवताल सुशोभित करण्यावर पडतो. ज्या गोष्टींवर वास्तू उभी आहे, म्हणजे सांधे, थरांचा तोल, छतावरील पाण्याचा निचरा, जोत्याखालील ओल, त्या दृष्टीआड राहतात. कारण त्या सुंदर नाहीत.

देवालय भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे व पूजाअर्चाही चालू आहे. महाशिवरात्रीस तेथे अपार गर्दी लोटते. दुसरीकडे, वालधुनीचे जे पाणी देवालयापासून उल्हासनगर ओलांडून विठ्ठलवाडीकडे वाहते ते कारखान्यांच्या रासायनिक सांडपाण्याने दूषित झाले आहे. २००५ च्या जुलै महिन्यातील महापुराने या खोऱ्यातील नद्या किती वेगाने चढतात हे साऱ्यांना दाखविले. अकराव्या शतकातील स्थपतीने जागा निवडली ती या नदीच्या स्वभावाचा अंदाज घेऊन. नदीचे पात्र अरुंद झाले, काठ बांधले गेले, पाण्याचे गुणधर्म बदलले, तर त्याच्या हिशेबातील गृहीतेच बदलतात. वास्तूचे रक्षण व नदीचे रक्षण हे दोन विषय निराळ्या खात्यांकडे असले तरी तांत्रिकदृष्ट्या ते एकच आहेत.

अलीकडील अभ्यासात हा समतोल येऊ लागला आहे. कुमुद कानिटकर यांनी २०१३ मध्ये या शिवालयावर स्वतंत्र ग्रंथ सिद्ध केला, ही त्या दिशेची स्वागतार्ह खूण होय. मूर्तींची ओळख पटविण्याचे कार्य त्यामुळे पुढे गेले आहे. त्याच्या जोडीला दगडांची, सांध्यांची व भारवहनाची ओळख पटविणारा अभ्यास उभा राहिला पाहिजे. त्यासाठी स्थापत्य-अभियंता, भूशास्त्रज्ञ आणि पुराभिलेखतज्ज्ञ यांनी एकाच वास्तूसमोर एकत्र उभे राहणे आवश्यक आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने तुळईचे गणित शिकावे आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने शिलालेखाचा अंक वाचावा, इतकी माफक अपेक्षा अशा कार्यामागे आहे. भाऊ दाजी व भगवानलाल यांच्या वाचनांतील अंतर एका अंकाचे होते, आणि त्या एका अंकाने दोनशे वर्षे हलविली. एका सैल सांध्याचेही असेच आहे. तो वेळीच वाचता आला तर उभे असलेले शिखर पुढील पावसाळ्यांतही उभे राहील.